विमानतळावरचं बॉडी स्कॅनर: घरून काय तयारी करायची आणि तिथे काय बोलायचं

नाशिकमधून मुलांकडे अमेरिकेला, जर्मनीला, लंडनला जाणारे आईवडील आता गल्लोगल्ली आहेत आणि निघायचा आठवडा आला की प्रश्न ठरलेले असतात, बॅगेचं वजन किती, लोणचं नेऊ देतात का, आणि मग तिसरा प्रश्न, तो बहुतेक वेळा एखादी काकू किंवा मावशी जरा बाजूला घेऊन हळू आवाजात विचारते: त्या मशीनमध्ये उभं केलं की अंगावर कपडे नसल्यासारखं दिसतं का गं?

तर आधी उत्तर. आज अमेरिकेत आणि युरोपात विमानतळावर जी बॉडी स्कॅनर आहेत त्यांच्या स्क्रीनवर तुमचं शरीर दिसत नाही. एक साधी बाहुली दिसते, लहान मुलं चित्रात माणूस काढतात तशी बाह्यरेषा, बाईलाही तीच, पुरुषालाही तीच, जाडालाही आणि बारीकलाही तीच. मशीनला कुठे काही खटकलं तर त्या बाहुलीवर त्या जागी पिवळा चौकोन येतो, नाही खटकलं तर हिरवं आणि तुम्ही मोकळे. पण म्हणून प्रायव्हसीचा प्रश्नच नाही असं मी म्हणणार नाही, तो आहे, फक्त तो मशीनच्या आत नाही, मशीनच्या बाहेर आहे. चौकोन आला की एक माणूस त्या जागी हात लावून बघतो, सगळ्यांसमोर, आणि तो भाग लाजेचा असेल तर लाज तिथे वाटते. म्हणून सगळी तयारी दोनच गोष्टींची करायची, चौकोन येऊच नये म्हणून काय घालायचं, आणि आलाच तर काय बोलायचं. बाकी मशीनला घाबरून काही उपयोग नाही.

कुठलं मशीन काय बघतं हे आधी नीट समजून घ्या कारण यात लोकांचा प्रचंड गोंधळ असतो. बॅग ज्या पट्ट्यावरून आत जाते ते एक्स-रे मशीन, ते फक्त सामानासाठी, माणसासाठी नाही. दाराच्या चौकटीसारखं असतं ते मेटल डिटेक्टर, त्यातून चालत जायचं, ते फक्त धातूला ओरडतं. मग हातात घेऊन अंगावरून फिरवतात तो हँड डिटेक्टर, तोही धातूच शोधतो. भारतात आजही बहुतेक ठिकाणी चौकट, हँड डिटेक्टर आणि हाताने तपासणी एवढंच असतं. ओझरहून बेंगळुरूला किंवा दिल्लीला गेला असाल किंवा शिर्डीच्या काकडी विमानतळावरून गेला असाल तर लाकडी पायरीवर उभं राहून दोन्ही हात पसरायचे, डिटेक्टर फिरतो, बोर्डिंग पासवर शिक्का, हा अनुभव तुम्हाला आहेच, आणि बायकांसाठी पडद्याआड वेगळी जागा आणि तपासणारी बाईच, हेही माहीत आहे.

बॉडी स्कॅनर वेगळं. ती काचेची गोल केबिन असते किंवा समोरासमोर दोन सपाट पाट्या असतात, आत पावलांच्या खुणा, तिथे पाय ठेवून हात वर करून दोन-चार सेकंद स्थिर उभं राहायचं. त्यातून मिलिमीटर वेव्ह म्हणजे रेडिओच्याच जातीच्या लहरी जातात, त्या कपड्यातून आरपार जातात आणि कातडीवर आपटून परत येतात, शरीराच्या आत शिरत नाहीत. हा एक्स-रे नाही. पोटात बाळ असलेल्या मुलींना सासरमाहेरचे लोक उगाच घाबरवतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं, तरी मनाला पटत नसेल तर हाताने तपासा म्हणून सांगायचा पर्याय बहुतेक देशांत आहे, त्याबद्दल खाली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे मशीन नुसता धातू शोधत नाही. ते अंगावर कातडीखेरीज जे काही आहे ते शोधतं, मग तो कागद असो, प्लास्टिक असो, घडी केलेला रुमाल असो की नोटांचं पुडकं असो. आपल्या लोकांना चौकटीची सवय असते म्हणून ‘माझ्याकडे लोखंड काही नाही’ म्हणत आत्मविश्वासाने उभे राहतात आणि मग चौकोन येतो तो बंडीच्या खिशातल्या पैशांवर.

आपल्याकडे हे कधी येणार म्हणाल तर नागरी विमान सुरक्षा ब्युरोने, ज्याला सगळे बीसीएएस म्हणतात, एप्रिल २०१९ मध्येच परिपत्रक काढून ८४ संवेदनशील आणि अतिसंवेदनशील विमानतळांवर वर्षभरात बॉडी स्कॅनर बसवा असं सांगितलं होतं, मिलिमीटर वेव्हचंच, बाहुलीसारखंच चित्र दाखवणारं. मग आली कोरोनाची साथ, तारखा पुढे पुढे गेल्या. दिल्लीत टर्मिनल १ वर मे २०२५ मध्ये चाचणी सुरू झाली. म्हणजे आज ना उद्या मुंबईला जाताना आपल्यालाही यात उभं राहायचंच आहे, फक्त परदेशवाल्यांपुरता हा विषय राहणार नाहीये.

आता लोकांच्या मनात ही भीती आली कुठून, तर ती काही हवेतून आलेली नाही. २५ डिसेंबर २००९ ला अॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला, त्यात धातू नव्हता त्यामुळे चौकटीला काही कळलं नसतं, आणि त्यानंतर अमेरिकेने धडाधड बॉडी स्कॅनर बसवले. त्यातले बरेच त्या वेळी एक्स-रेवर चालणारे होते आणि त्यांच्या चित्रात शरीराची ठेवण खरंच दिसायची, दुसऱ्या खोलीत बसलेला माणूस ती चित्रं बघायचा. सरकार म्हणत होतं की चित्रं साठवली जात नाहीत, आणि २०१० मध्ये माहितीच्या अधिकारासारख्या त्यांच्या कायद्यातून बाहेर आलं की फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या एका कोर्टाच्या दारातल्या मशीनमध्ये ३५,००० च्या वर चित्रं साठवलेली होती. विमानतळ नव्हता तो, चित्रंही धूसर होती, पण विश्वास बसायचा तो उडालाच. शेवटी तिथल्या संसदेने बाहुलीचं सॉफ्टवेअर सक्तीचं केलं, एक्स-रेवाल्या मशीनच्या कंपनीला ते वेळेत जमलं नाही, आणि २०१३ च्या मध्यापर्यंत ती मशीनं विमानतळांवरून उचलली गेली. युरोपने तर २०११ मध्येच नियम करून एक्स-रेवाली मशीनं प्रवाशांसाठी बाद केली. म्हणून व्हॉट्सअॅपवर अजूनही फिरणारे ते राखाडी फोटो बघून आईला घाबरवू नका, ते जुन्या मशीनचे आहेत. मला विचाराल तर यातून घ्यायचं ते एवढंच की त्या वेळी लोकांनी आरडाओरडा केला, कोर्टात गेले, म्हणून बाहुली आली, कंपनीने आपणहून आणली नाही.

बरं, आता घरची तयारी.

साडी. हॅम्बुर्गला २०१० ते २०११ मध्ये बॉडी स्कॅनरची मोठी चाचणी झाली होती आणि जर्मनांनी तेव्हा ती मशीनं पुढे वापरायला नकार दिला कारण खोटे इशारे फार येत होते, आणि खोटे इशारे कशाने, तर कपड्यांच्या घड्यांनी आणि चेनने. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण आपल्या पाचवारीत पोटाशी किती निऱ्या खोचलेल्या असतात आणि नऊवारीत तर पुढे निऱ्या मागे कासोटा, ते बघून त्या मशीनने काय करावं. मशीनं आता सुधारलीत पण कापडाचा जाड गठ्ठा अजूनही त्यांना संशयास्पद वाटतो. त्यात जरीकाम असेल तर आणखी, धातूची तार लहरी परतवते. येवल्याची पैठणी मुलाकडच्या बारशाला नेसायची असेल तर बॅगेत घ्या, विमानात नेसू नका. ज्यांना पंजाबी ड्रेस चालतो त्यांनी साधा सुती ड्रेस घालावा, टिकल्या-आरसे-भरतकाम नसलेला. ज्यांना साडीशिवाय चालतच नाही, आणि अशा कितीतरी आज्या आहेत आणि त्यांना बदला म्हणायचा कुणाला काही अधिकार नाही, त्यांनी मऊ साधी साडी नेसावी, निऱ्या कमी आणि सपाट घालाव्या, पदर पिनअप केला तर पिन एकच, आणि पोटापाशी हात लावून तपासतील हे आधीच मनाशी धरून जावं म्हणजे दचकायला होत नाही.

पुरुषांचं म्हणाल तर बंडी. आमच्याकडच्या वयस्कर लोकांचा पासपोर्ट, डॉलर, आधार कार्ड, औषधाची चिठ्ठी सगळं त्या आतल्या चोरखिशात असतं आणि ते बाहेर काढा म्हटलं की जीव कासावीस होतो. त्यांना गळ्यात अडकवायची किंवा काखेत मारायची छोटी पिशवी घेऊन द्या, तपासणीला ती ट्रेमध्ये ठेवायची आणि ट्रे आत गेला हे बघूनच आपण पुढे व्हायचं, आधी नाही. पाकीट मागच्या खिशात नको, खिशातली तिकिटाची घडी नको, टिश्यू नको, तपकिरीची डबी नको, काहीच नको. बायकांनी ब्लाउजमध्ये पैसे किंवा छोटी पर्स ठेवली असेल तर ती घरीच काढून पिशवीत घाला, कारण तिथे चौकोन आला तर हात कुठे लागणार हे सांगायला नको.

मग करगोटा. हा कुणी लक्षातच घेत नाही कारण तो अंगाचाच भाग झालेला असतो. माझ्या मामांच्या कमरेला चांदीचा करगोटा, लग्नाच्याही आधीपासूनचा, मुलीकडे निघाले होते आणि मध्ये युरोपातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. स्कॅनरमध्ये कमरेवर आडवा चौकोन आला. तिथल्या माणसाने शर्ट वर करा अशी खूण केली, मामांनी केला, आणि खाली चांदीची साखळी बघून तो माणूस बुचकळ्यात पडला, मग त्याने प्रायव्हेट रूम हवी का असं विचारलं, तर मामांना वाटलं आता आत घेतायत. मामी मागे रांगेत रडायच्या बेतात. प्रत्यक्षात तो माणूस अदबीने विचारत होता की इथे सगळ्यांसमोर नको असेल तर आत चला. मामांना नुसतं येस म्हणता आलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं, झाली वीस मिनिटं, शेवटी मागच्या रांगेतल्या एका गुजराती मुलाने हिंदीत समजावलं. करगोटा काढायचा नसेल तर काढू नका, पण तो आहे हे आधी बोटाने दाखवून सांगा. ताईत, जानव्याला अडकवलेली किल्ली, दंडाला बांधलेला गंडा, जोडवी, पैंजण, हातातल्या न निघणाऱ्या बांगड्या, सगळ्याचं तेच. मंगळसूत्र सहसा काढायला लावत नाहीत पण मोठं असेल तर तिथे हँड डिटेक्टर फिरणार किंवा हात लागणार.

केस. अंबाडा, त्यात आकडे, गंगावन, जाड वेणी, यावर खोटे इशारे येतात हे अमेरिकेत सरकारी अहवालातही आलंय आणि तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी यावर बऱ्याच तक्रारी केल्यात. साधी सैल वेणी घाला, आकडे कमीत कमी, गजरा नको. पगडी किंवा फेट्याचा प्रश्न आपल्याकडे फारसा नाही पण नाशिकरोडच्या शीख मंडळींसाठी सांगते, अमेरिकेत पगडी काढायची सक्ती लगेच होत नाही, स्वतःच्या हाताने पगडी चाचपून मग त्या हातांवरून कापडाचा तुकडा फिरवून स्फोटकांची चाचणी करू द्या असं म्हणता येतं. खोलीत नेऊन करा असंही म्हणता येतं.

त्या कापडाच्या तुकड्यावरून आठवलं, ग्लिसरीनचं क्रीम हाताला चोपडून जाऊ नका, त्यानेही मशीन कधीकधी ओरडतं. आणि आपल्या निफाड-दिंडोरी-पिंपळगावच्या बागायतदारांनी हे खास वाचा, द्राक्षबागेत खत टाकताना जे बूट घातले होते तेच घालून विमानतळावर जाऊ नका, नायट्रेटचा अंश त्या तुकड्यावर आला तर तासभर प्रश्नोत्तरं. नवे नाहीतर धुतलेले बूट आणि धुतलेले कपडे.

घाम हाही एक विषय आहे. नाशिकच्या द्वारका चौकातून टॅक्सीने निघून कसारा घाट उतरून मे महिन्यात मुंबई गाठली की पाठ ओली झालेली असते, ओल्या कपड्यावर मशीन फसतं. एक जास्तीचा कुर्ता किंवा ब्लाउज हातातल्या बॅगेत ठेवा आणि वॉशरूममध्ये बदलून मग सिक्युरिटीला जा. अर्थात त्यासाठी वेळ हातात पाहिजे, समृद्धी झाला म्हणून उशिरा निघणाऱ्यांना मी काय सांगू.

सॅनिटरी पॅड, डायपर, ऑपरेशननंतर पोटाला लावलेली शौचाची पिशवी, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घातलेलं कृत्रिम स्तनाचं पॅड, हे सगळं मशीनला ‘काहीतरी आहे’ म्हणून दिसू शकतं. काय आहे ते कळत नाही, फक्त जागा कळते. हे आधीच, मशीनमध्ये जायच्या आधी, तपासणाऱ्या बाईला हळूच सांगायचं. सांगायला लाज वाटत असेल तर एका कागदावर इंग्रजीत लिहून तो कागद पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा आणि नुसता पुढे करा. अमेरिकेत तर यासाठी अधिकृत कार्डच मिळतं, छापून न्यायचं, आणि प्रवासाच्या ७२ तास आधी फोन करून मदतनीस मागता येतो. हे कपडे किंवा पॅड काढून दाखवा असं कुणी म्हणालं तर लगेच काही करू नका, सुपरवायझर बोलवा म्हणा.

पेसमेकरवाल्यांनी डॉक्टरांचं कार्ड वरच्या खिशात नाही, हातात ठेवा. हँड डिटेक्टर छातीवर त्या जागी जास्त वेळ धरू नका एवढं सांगायचं, हाताने तपासा म्हणायचं. इन्सुलिन पंप किंवा दंडाला साखर मोजायचा सेन्सर लावलेला असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत बघा, बऱ्याच पंपांच्या कंपन्या बॉडी स्कॅनर आणि सामानाचं एक्स-रे दोन्ही टाळा म्हणतात, तेव्हा पंप ट्रेमध्ये टाकून मोकळं होऊ नका, दाखवून हाताने तपासायला सांगा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आता प्रत्येक सोसायटीत दहा आहेत, त्यांच्यासाठी गंमत म्हणजे बॉडी स्कॅनर बरं, कारण ते आतलं बघतच नाही, ओरडते ती चौकट.

कृत्रिम पाय असेल तर भारतातली गोष्ट वेगळी. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हिडिओ टाकून जाहीरपणे सांगितलं की विमानतळावर दरवेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, पंतप्रधानांकडे त्यांनी अशा लोकांसाठी काही कार्ड द्या अशी मागणी केली, आणि विमानतळावर तपासणी करणाऱ्या सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली होती. एवढ्या प्रसिद्ध बाईंना हे सोसावं लागलं तर आपल्या सातपूरच्या कारखान्यात पाय गमावलेल्या माणसाचं काय होत असेल. अशा माणसाने अर्धा-पाऊण तास जास्त धरूनच जावं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं, आणि काढायचाच असेल तर बंद खोलीत आणि बसायला खुर्ची देऊन, हे स्वतः आग्रहाने सांगावं.

आता प्रत्यक्ष तिथे काय करायचं. मशीनमध्ये जाण्याआधी सगळं ट्रेमध्ये. आत पाय खुणेवर, हात दाखवतील तसे, कोपर बाहेर, हलायचं नाही, हसायचंही नाही. बाहेर आलात की मागे वळून स्क्रीन बघा, तो बहुतेक ठिकाणी मशीनच्या बाजूलाच उघड्यावर असतो आणि तो बघायला काही मनाई नाही. चौकोन कुठे आहे ते तुम्हाला दिसलं की तपासणारा हात कुठे येणार ते कळतं, आणि दंडावर चौकोन असताना कुणी कमरेला हात लावायला लागलं तर का म्हणून विचारता येतं. अमेरिकेत पूर्वी मशीन चालवणारा बाई की बुवा हे बघून गुलाबी किंवा निळं बटण दाबायचा आणि ट्रान्सजेंडर प्रवाशांना त्यातून फार मनस्ताप व्हायचा, ते बटण काढून सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर वापरणार असं २०२२ मध्ये टीएसएने, म्हणजे तिथल्या विमानतळ तपासणीच्या सरकारी संस्थेने, जाहीर केलं.

बोलायची वाक्यं थोडीच आहेत, आईबाबांकडून घरी दोनदा म्हणवून घ्या, अगदी मराठीत लिहून द्या:

‘हँड सर्च प्लीज.’ म्हणजे मशीन नको, हाताने तपासा.
‘लेडी ऑफिसर प्लीज.’
‘प्रायव्हेट रूम प्लीज, विथ माय हजबंड.’ किंवा वाइफ, किंवा डॉटर. अमेरिकेत खोलीत आपलं माणूस सोबत नेता येतं.
‘मेडिकल डिव्हाइस हिअर.’ आणि बोटाने जागा दाखवायची.
‘सुपरवायझर प्लीज.’ हे शेवटचं, आवाज न चढवता.

मशीनला नाही म्हणता येतं का, तर देशागणिक वेगळं. युरोपियन युनियनमध्ये तो हक्क नियमातच लिहिलेला आहे, नाही म्हणा, मग हाताने तपासतील. अमेरिकेत साधारणपणे नाही म्हणता येतं, पण २०१५ च्या डिसेंबरपासून काही प्रवाशांना सक्ती करायची मुभा त्यांनी स्वतःकडे ठेवली आहे, बोर्डिंग पासवर चार वेळा एस छापून आलं असेल, म्हणजे जादा तपासणीसाठी तुम्हाला निवडलं असेल, तर वाद घालत बसू नका. ब्रिटनमध्ये सुरुवातीला म्हणजे २०१० मध्ये नाही म्हटलं तर विमानच नाही असा नियम होता, २०१३ मध्ये तो बदलला, आता बदल्यात खोलीत नेऊन कसून झडती. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय कारण सोडलं तर नाही म्हणायची सोय जवळपास नाहीच. भारतात शांतपणे हाताने तपासा म्हणून विचारा आणि ड्युटीवरच्या वरिष्ठाशी बोला.

पण माझं स्पष्ट मत, साध्या धडधाकट माणसाने मशीन नाकारू नये. कारण हाताने झडती म्हणजे पिवळ्या चौकोनापुरता हात नाही, डोक्यापासून तळपायापर्यंत, मांड्यांच्या आतल्या बाजूनेही, नाजूक जागी पालथ्या हाताने, पण हात लागतोच. जी काकू मशीनला लाजते तिला हे जास्त जड जाईल. मशीन नाकारायचं ते पंप असेल, मनाला खरंच पटत नसेल किंवा तत्त्वाचा प्रश्न असेल तेव्हा.

चेहऱ्याचं जरा वेगळं आहे पण लोक विचारतात म्हणून, डिजीयात्रा. डिसेंबर २०२२ पासून भारतात सुरू आहे, चेहरा दाखवून आत जायचं, आणि ती ऐच्छिक आहे. गेटवर उभ्या असलेल्या पोराने फोन मागून फोटो काढायला सुरुवात केली तर आधी विचारा कशासाठी, नको असेल तर नको म्हणा आणि तिकीट आणि आधार दाखवून साध्या रांगेने जा. बॉडी स्कॅनरच्या बाहुलीत तुमचं नाव नसतं आणि चेहरा नसतो, इथे दोन्ही आहे, त्यामुळे ज्यांना प्रायव्हसीची खरी काळजी आहे त्यांनी ती इथे जास्त करावी असं मला वाटतं.

काही खटकलंच तर तिथल्या तिथे व्हिडिओ काढू नका, सुरक्षा तपासणीच्या जागेत आपल्याकडे चित्रीकरणाला बंदी आहे आणि मग चूक तुमचीच ठरते. वेळ, टर्मिनल, रांगेचा नंबर आणि छातीवरचं नाव पुढे खुर्चीवर बसल्याबसल्या लिहून ठेवा. कॅमेरे तिथे सगळीकडे असतात, पण कधीचं बघायचं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. मग एअरसेवाच्या पोर्टलवर किंवा केंद्र सरकारच्या सीपीग्राम्सवर तक्रार टाकायची, दोन्ही घरबसल्या होतं आणि तक्रारीचा नंबर मिळतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, तो निकाल तक्रारीत एका ओळीत लिहिला तरी हरकत नाही, वाचणारा जरा सरळ बसतो. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल, समजा मुंबईत स्कॅनरची चित्रं साठवतात का हे विचारायचंय, तर तो १० रुपये भरून बीसीएएसकडे करा, सीआयएसएफकडे नको, कारण सीआयएसएफ त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे म्हणजे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्काचा भंग असेल तरच त्यांना माहिती द्यावी लागते. परदेशात झालं असेल तर त्या देशाच्या एजन्सीच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, अमेरिकेत टीएसएचा आहे, मुलांना भरायला सांगा.

आणि निघायच्या आदल्या रात्री एकदा आईबाबांना हॉलमध्ये उभं करून, जे कपडे घालून निघणार तेच घालायला लावून, स्वतः हाताने चाचपून बघा. बंडीच्या खिशातून काय काय निघतं बघाच.